चुन्याच्या फुल्या

त्या रविवारी सोसायटीच्या ऑफिसात आधी वड्यांचं ताट आलं आणि मग फॉर्म. हादिया नावाची कॉलेजातली मुलगी करंजाड्यातल्या राहणीमानाचा सर्व्हे करायला आली होती. पाणी, दिवे, पायी चालणं अशा प्रत्येक सोयीला पाचपैकी गुण द्यायचे होते. सेक्रेटरी बळीरामकाकांनी तिला पंख्याखाली बसवलं आणि एकेका घराला खाली बोलावलं.

"सगळीकडे पाच टाका," ते दारातच सांगत होते. "निकाल पेपरात येणार. उद्या फ्लॅटला गिऱ्हाईक यायला नको?"

"काका, पाण्यालापण पाच? टँकर काय माझ्या सासऱ्यांनी पाठवला?" दुसऱ्या मजल्यावरची नाझिया म्हणाली. सगळे हसले. तिने पाण्याला दोन दिले, पायी चालण्याला मात्र पाच. तिथे सगळ्यांनी पाचच दिले होते.

आई वर घरात पाय उशीवर ठेवून पडली होती. गेल्या सोमवारी भाजीला जाताना गटारावरची लादी उलटली आणि तिचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. हाड वाचलं. म्हणून फॉर्म भरायला मी उतरले.

"कुटुंबप्रमुख?" हादियाने विचारलं.

चार महिन्यांपूर्वी याचं उत्तर सोपं होतं. मी आईचं नाव सांगितलं. सुमती. पायी चालण्यापुढे मी एक लिहिला.

काकांनी वाकून पाहिलं. "ताई, तुमचं दुःख समजतं. पण एक? सहा वर्षांत इथे कोणी पडलं नाही. वहिनी पडल्या, ते वयामुळे."

"सहा वर्षं का नाही पडलं कोणी?"

"फुलीवर पाय देत नाही ना आपण," नाझिया सहज बोलून गेली.

दर दसऱ्याला घरातली हत्यारं पुजून झाली की बाबा चुन्याचा डबा घेऊन खाली उतरत. गेटपासून भाजीवाल्यापर्यंत गटारावरची प्रत्येक लादी छत्रीच्या टोकाने ठोकून पाहत. जी हलेल तिच्यावर फुली. मुलं फुल्यांवरून उड्या मारत शाळेत जायची, मोठी माणसं बोलता बोलता बाजूने वळायची. बाबा आषाढात गेले. यंदाचा दसरा तसाच गेला. आई जिथे पडली ती लादी यंदाच्याच पावसात सुटलेली. फुली नाही, म्हणजे लादी पक्की, असं सवयीने समजून तिने पाय दिला होता.

"चला," मी हादियाला म्हटलं. "पेन घ्या."

मी बाबांची छत्री आणली. एकेक लादी ठोकत निघाले. मागून काका, "अहो, वडे गार होतायत," म्हणत आले. चौथी लादी हलली, सातवी हलली. पुढच्या लादीवर काका स्वतःच येऊन उभे राहिले. ती एका बाजूने खचली आणि त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

"काका, पाच का चार?" नाझियाने विचारलं.

भाजीवाल्यापर्यंत सतरा हलत्या लाद्या निघाल्या. हादियाने शेऱ्याच्या जागेत प्रत्येक लादी कुठे आहे ते लिहिलं. ऑफिसात परतल्यावर काकांनी आपला फॉर्म मागून घेतला.

"खोडलं तर चालतं ना?"

"चालतं."

"दोन करतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "एक नाही करणार."

मी जिन्याखालून ग्रिल रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट काढला. चुना पावसात जातो.

"आता फुल्या कशाला?" काका म्हणाले. "फॉर्म चाललाय ना वर?"

"फॉर्म पोचेल तेव्हा पोचेल. आई उभी राहिली की भाजीला निघेलच."

नाझियाने ब्रश शोधून आणला. पहिली फुली मी आई पडली त्या लादीवर काढली. बाबा नुसती फुली काढून पुढच्या लादीकडे जात. मी तिच्याखाली आजची तारीख घातली, वर्षासकट, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल एवढ्या मोठ्या आकड्यांत. मग छत्री उचलून दुसऱ्या लादीकडे गेले.