दुसऱ्या भिंतीची रेघ

वेन मास्तरांच्या बायकोला आमच्या वस्तीतून खाली रस्त्यावर आणायचं म्हणजे चाळीस मिनिटं लागायची. एकशे बारा पायऱ्या, दोन अवघड वळणं, आणि पाओचूवहिनींची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेलेली. चार माणसं, एक खुर्ची आणि वरून पाऊस. तैवानच्या या बंदरगावात, कीलुंगमध्ये, पाऊस धरूनच चालायचं असतं.

मास्तर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं खांबांवर चढून तारा जोडल्या, म्हणून कसबी कारागिराला म्हणतात तसं सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. टेकडीवर घरांच्या तीन रांगा, मास्तरांचं घर मधल्या रांगेत. माझं न्याहारीचं दुकान पायऱ्यांच्या तळाशी आणि राहायला मी त्याच्याच वर. पहाटेपासून सोयाबीनचं दूध आणि अंड्याची धिरडी, अकरा वाजता शटर खाली. अशाच एका फेब्रुवारीत मी तवा घासत असताना ते दारात येऊन उभे राहिले.

"श्याताई, तुमच्या कोठीच्या मागच्या भिंतीला दोन भोकं पाडू का?"

"ती आधीच गळतेय. आणखी दोनांनी काय बिघडणार आहे?"

"गळतेय म्हणूनच पाडायचीत."

कोठीमागची ती भिंत म्हणजे टेकडीची संरक्षक भिंत. तशा तीन भिंतींवर आमची वस्ती उभी होती. मास्तरांनी तिन्हींना कल मोजणारं एकेक यंत्र बसवायचं ठरवलं होतं. तारा टेलिफोनच्याच, जुन्या, त्यांच्याकडे भेंडोळीच्या भेंडोळी पडलेल्या. त्या सगळ्या तारा त्यांच्या घरात एका ठिकाणी यायच्या. तार ओढायला मी मदत केली म्हणून त्यांनी मला ते ठिकाण दाखवायला वर नेलं.

मी मोठं कपाट असेल असं समजत होते. तर पत्त्यांच्या कॅटाएवढी एक हिरवी पाटी, तिच्यावर बारीकसारीक चौकोन, आणि शेजारी गाडीची बॅटरी.

"हा सर्व्हर," मास्तर म्हणाले.

"एवढासा?"

"एवढासाच हवा. मोठा असता तर वीज गेल्यावर तासाभरात मेला असता. आणि भिंत पडायची ती वीज गेलेली असतानाच पडणार."

त्यांनी एका चिमुकल्या कार्डावर लिनक्स नावाची संगणकप्रणाली उतरवून घेतली होती. ते कार्ड पाटीत सारलं, तार लावली, आणि जुन्या लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. मास्तर एका बोटानं टाइप करत. शेजारी छापील कागदांचा गठ्ठा, त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटेना, तेव्हा मी म्हटलं, "मास्तर, बटणं बिघडलीत."

"दिसत नसतो तो. पण जातो."

नंतर दोन आठवडे ते त्या पाटीतून एकेक गोष्ट बंद करत बसले. पडद्याची जोडणी नको, बिनतारी जोडण्या नकोत, लुकलुकणारे दिवेसुद्धा नकोत. प्रत्येक वेळी मीटर लावून बघायचे. चार वॅट होते ते अडीचवर आले, त्या दिवशी त्यांनी मला खास हाक मारून आकडा दाखवला. राउटरसकट तीन दिवस बॅटरीवर चालेल, म्हणाले. कार्डावर सारखं लिहीत राहिलं की कार्ड झिजतं, म्हणून दर दहा मिनिटांचं माप यंत्र नुसतं लक्षात ठेवायचं आणि तासातून एकदा कार्डावर उतरवायचं. बाहेरून कुणी घुसू नये म्हणून एक सोडून सगळी दारं बंद केली. त्या एका दारातून आम्ही फोनवर एक पान बघू शकत होतो. पांढरं पान आणि तीन रेघा, एका भिंतीची एक. एखादी भिंत ठरलेल्या मर्यादेबाहेर कलली, तर वस्तीतल्या सगळ्यांच्या फोनवर आपोआप संदेश जाणार होता.

पाओचूवहिनी पलंगावरून बघत असायच्या. त्यांना शब्द कमी यायचे. "दुसरी बायको," त्या पाटीकडे मान करून म्हणाल्या.

"ही बोलत तरी नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या तोंडाला पेजेचा चमचा लावला.

वरच्या रांगेत काओ काका एकटे राहायचे. जन्मभर मालवाहू जहाजावर आचारी होते. न्याहारीला आले की फोन धिरड्याच्या ताटलीला टेकवून ठेवायचे. "आज दुसरी भिंत शांत आहे," असं मोठ्यानं जाहीर करायचे. "टीव्हीपेक्षा बरं. यात कुणी रडत नाही."

दुसरी भिंत म्हणजे माझी. दोन वर्षं तिन्ही रेघा जवळपास आडव्याच होत्या. तिसऱ्या वर्षी मे महिन्याच्या झडीत दुसरी रेघ वर चढायला लागली. फार नाही, पण थांबेना.

त्याच सुमारास मी घर विकायला काढलं होतं. गुडघे गेले होते, लेक ताओयुआनला बोलवत होती. एक जोडपं दोनदा येऊन घर बघून गेलं, त्यातल्या बाईंना खिडकीतून दिसणारं बंदर फार आवडलं. तिसऱ्यांदा ते आले नाहीत, फोन आला. "तुमच्या वस्तीचं ते पान आम्ही पाहिलं," एवढंच म्हणाले.

घर खपत नसलेली मी एकटी नव्हते. वस्तीच्या समितीचे अध्यक्ष चुआंग यांनी बैठक बोलावली. आधी एक अभियंता आणून भिंती दाखवल्या होत्या. तो माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, भिंत सरकत असेल, किंवा ऊन-पावसानं यंत्राचंच माप सरकत असेल, एवढ्यावरून सांगता येणार नाही, जमिनीत भोकं घेऊन तपासावं लागेल. चुआंगांनी त्यातलं सोयीचं तेवढंच उचललं.

"टेकडी नाही सरकत," ते बैठकीत म्हणाले, "मास्तरांचं खेळणं सरकतंय. आणि त्याच्यापायी आपली घरं मातीमोल होतायत."

"मातीमोल व्हायला आधी माती खाली यावी लागते," काओ काका म्हणाले. थोडे लोक हसले.

मास्तर उभे राहिले. त्यांना चारचौघांत बोलता येत नसे. "पान बंद करा हवं तर," म्हणाले. "संदेश तेवढा राहू दे."

"संदेश आला की लोक पळणार, पळाले की बातमी होणार," चुआंग म्हणाले. "तुमच्या बायकोची काळजी आम्हालाही आहे, मास्तर. पण म्हणून अख्ख्या वस्तीनं खुर्चीवर बसायचं का?"

हात वर करून मतं घेतली. पान आणि संदेश दोन्ही बंद करा म्हणणारे एकोणीस, राहू द्या म्हणणारे चार. एकोणिसांत माझा हात होता. मास्तरांकडे न बघता वर केला होता.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्याकडे गेले. कोठीतलं यंत्र काढून न्या, म्हटलं, घर बघायला येणारे विचारतात. ते पाना घेऊन आले, यंत्र काढलं, आणि ती दोन भोकं सिमेंटनं बुजवून वर हात फिरवून गुळगुळीत केली. वरच्या रांगेमागच्या तिसऱ्या भिंतीची तार समितीच्या माणसांनी कापली. मास्तरांना वस्तीच्या ग्रूपमधून काढलं गेलं. त्यांच्या स्वतःच्या घरामागच्या पहिल्या भिंतीची रेघ तेवढी उरली, ती ते एकटेच बघत.

"एकट्यानं बघून काय उपयोग?" मी दारातच उभी राहून विचारलं होतं.

"मला चाळीस मिनिटं लागतात," ते म्हणाले.

ऑक्टोबरात वादळ दूर दक्षिणेला होतं, पण ईशान्येचा वारा आणि ते मिळून आमच्यावर तीन दिवस ओतत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळीच वीज गेली. दुपारी पावणेतीनला मी दुकानात मेणबत्ती लावून भांडी पुसत होते, तर मास्तर दारात उभे, रेनकोटात, चष्म्यावरून पाणी निथळतंय.

"पहिली भिंत हलली. चार माणसं हवीत."

मी गल्लीतल्या स्कूटर दुरुस्तीवाल्या दोघा भावांना हाक मारली. काओ काका काही न विचारता खाली आले. वर मास्तरांच्या घरी वहिनींना खुर्चीला चादरीनं बांधलं. आम्ही चौघं आळीपाळीनं खुर्ची धरत होतो. काओ काका वळणावर छत्री धरून बडबडत होते, "वहिनी, जहाजावर कप्तानालासुद्धा असं कुणी उचललं नाही." वहिनींनी डाव्या हातानं मास्तरांची कॉलर घट्ट धरली होती. साडेतीनला आम्ही रस्त्यापलीकडच्या देवळाच्या सभागृहात पोचलो.

मास्तरांनी बायकोला टेकवून बसवलं आणि माझ्याकडे वळले. "श्याताई, मला ग्रूपवर लिहिता येत नाही. तुम्ही लिहा. सगळ्यांनी आत्ता खाली या."

मी फोन काढला. आणि इथे मी जे केलं ते मला तोंडपाठ आहे. मी लिहिलं, "वेन मास्तर म्हणतात त्यांच्या मागची भिंत हलतेय. खात्री नाही. ज्यांना जमेल त्यांनी खाली यावं." खात्री नाही असं मास्तर म्हणाले नव्हते. ज्यांना जमेल असंही नाही. पण खोटं ठरलं तर चुआंग काय म्हणतील, लोक काय म्हणतील, हे बोटांच्या आधी डोक्यात आलं. मिनिटभरात चुआंगांचं उत्तर आलं. ते शहरात कामावर होते. "अधिकृत सूचना आलेली नाही. घबराट पसरवू नका."

मास्तर तोवर परत पायऱ्या चढायला लागले होते. एकाहत्तराव्या वर्षी मधल्या रांगेतलं एकेक दार त्यांनी ठोठावलं. सहा जण त्यांच्यामागून खाली आले. त्यांचा श्वास पुढे वरच्या रांगेपर्यंत पुरला नाही.

वरच्या रांगेत दिवसा कुणी नसे. सगळे कामावर. असायचे ते काओ काका, आणि ते तर माझ्या शेजारी बाकावर बसले होते. त्यांनी फोन लांब धरून माझा संदेश वाचला.

"‘ज्यांना जमेल त्यांनी’," ते हसले. "म्हणजे तसं काही फार नाही. गॅसवर सूप मंद ठेवून आलोय, बंद करून येतो."

"राहू द्या ना, काका."

"डुकराची हाडं सकाळपासून शिजतायत. भांडं जळलं तर तू देणार आहेस का?"

मी त्यांची बाही धरायला हवी होती. मी हसले. ते छत्री घेऊन गेले. वाटेत त्यांना मास्तर भेटले नाहीत, मास्तर तेव्हा मधल्या रांगेतल्या म्हाताऱ्या शिक्षिकेच्या दारात होते.

सव्वाचारला दरड आली. आवाज फार मोठा नव्हता, वाळूचा ट्रक रिकामा करावा तेवढाच. वरची रांग आणि मधल्या रांगेचा अर्धा भाग. माझं दुकान, कोठी आणि वरचं घर चिखलात गेलं. काओ काका दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले.

ती हिरवी पाटी मास्तरांनी निघताना लाल खुणांच्या छापील कागदांसकट रेनकोटाच्या खिशात टाकली होती. आठवड्यानं तोच अभियंता देवळात आला, मास्तरांसमोर खाली मान घालून बसला, आणि कार्डावरची सगळी मापं उतरवून घेतली. जाताना म्हणाला, इतर वस्त्यांना असं काही उभारून द्याल का. मास्तर म्हणाले, "नाही. कागद घेऊन जा हवे तर."

चुआंग अंत्यविधीला आले होते. मास्तरांपुढे कमरेत वाकले आणि तसेच राहिले. मास्तरांनी त्यांना खांद्याला धरून सरळ केलं. "पुरे," एवढंच म्हणाले. कुणी कुणाला दोष दिला नाही. एकोणीस माणसं होतो, दोष वाटून घ्यायला पुष्कळ.

मला मात्र विचारल्याशिवाय राहवेना. वस्तीतल्यांना तात्पुरत्या खोल्या मिळाल्या होत्या, त्यांच्या खोलीत मी रताळ्याची पेज घेऊन गेले होते. वहिनी झोपल्या होत्या.

"मास्तर, माझ्या कोठीतलं यंत्र असतं तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.  मला वाटत होतं ते म्हणतील, सांगता येत नाही.

"टेकडीचा पायथा आधी सरकतो," ते म्हणाले. "तुमची भिंत माझ्या आधी हलली असणार. दोन तास. कदाचित तीन."

"आणि मी नीट लिहिलं असतं तर?"

त्यांनी चमचा पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्हीही खा. गार होतेय."

डिसेंबरात त्यांनी वहिनींना घेऊन ईलानच्या सपाट भागात, मेहुणीच्या घरी जायचं ठरवलं. टेम्पोत सामान चढवायला मी गेले होते. थोडंच होतं. वहिनी पुढच्या सीटवर बसल्या, मी त्यांच्या कमरेचा पट्टा लावला, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.  डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनीच डाव्या हातानं पुसलं. मास्तर म्हणाले, "निघतो, श्याताई." टेम्पो बोगद्याकडे वळेपर्यंत मी उभी होते.

मी आता बंदराजवळ हातगाडीवर धिरडी करते. मास्तरांना दर महिन्याला फोन करायचं ठरवलं होतं. दोनदा केला. दोन्ही वेळा ते हवेबद्दल बोलले, वहिनींच्या औषधांबद्दल बोलले, आणि मग गिऱ्हाईक आलंय म्हणून मी फोन ठेवला. तिसऱ्यांदा मी केला नाही, त्यांचाही आला नाही.