मोजणीतला दुसरा आवाज

“चौदा,” थोरल्या सिस्टर म्हणाल्या. “एक कमी आहे.”

सर्जन तरुण होते, नुकतेच आलेले. टाके घालायची सुई घ्यायला हात पुढे करून उभे होते. टेबलावर दोन लेकरांची आई बेशुद्ध पडलेली. मॉप म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्या. पोटात जितक्या गेल्या तितक्या बाहेर आल्याशिवाय पोट शिवायचं नाही, असा आमचा नियम. मोजायचं दोघींनी, मोठ्यानं. एकीनं आकडा म्हणायचा, दुसरीनं तोच परत म्हणायचा. त्या दिवशी दुसरी मी होते. मी ‘चौदा’ म्हटलंच नाही.

सर्जन हसले. सिस्टर, चष्म्याचा नंबर बदललाय तुमच्या, म्हणाले. भूल देणारे डॉक्टरही हसले. त्यात नवीन काही नव्हतं. थोरल्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष होतं आणि त्यांच्या वयावरून थिएटरात रोज काही ना काही चालायचं. त्यांच्याशी उगाच मोठ्यानं बोलायचं. नवीन यंत्र आलं की त्यांना वगळून बाकीच्यांना शिकवायचं. त्या कधी चिडल्या नाहीत. यंत्राचं पुस्तक घरी नेऊन वाचायच्या आणि दुसऱ्या दिवशी निमूट चालवून दाखवायच्या. त्यांच्या चिवटपणाचं मला फार कौतुक. कौतुक करायला काय जातं म्हणा.

“तुमचे किती?” सर्जननी मला विचारलं.

मीही चौदाच मोजले होते. पण थिएटरच्या इन्चार्ज सिस्टरची जागा लवकरच रिकामी होणार होती आणि शिफारस या सर्जनच्या हातात होती.

“पंधरा असतील,” मी म्हणाले.

असतील म्हणे. एका बाईच्या जिवाचा प्रश्न, आणि मी अंदाज सांगत होते.

थोरल्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग सुई धरलेला हात मागे घेतला. “सुई मी देणार नाही, सर. पुन्हा बघा.”

सर्जननी आदळआपट केली. वय झालं की माणूस संशयी होतो म्हणाले, तक्रार करीन म्हणाले. खुशाल करा, पण आधी बघा, एवढंच त्या म्हणत राहिल्या. शेवटी सर्जननी रागारागानं पोटात हात घातला. मॉप आतड्यांच्या मागे होता, रक्तानं भिजून आतड्यांच्याच रंगाचा झालेला. सर्जननी तो ट्रेमध्ये टाकला.

“पंधरा,” थोरल्या म्हणाल्या.

“पंधरा,” मी म्हणाले.

तुम्हाला वाटेल, त्यांचा सत्कार झाला असेल. महिन्याभरात कागद आला. वय पाहता हलकं काम द्यावं, तळघरातलं कपड्यांचं भांडार. मोजणीला फार वेळ घेतात, थिएटर खोळंबतं, असं कारण दिलं होतं. मलाही विचारायला बोलावलं होतं. खरं सांगितलं असतं, तर मीच ‘पंधरा असतील’ म्हटल्याचंही सांगावं लागलं असतं. मी मूग गिळून बसले. इन्चार्ज मी झाले.

परवा चादरी कमी पडल्या म्हणून पहिल्यांदा खाली गेले. खिडकी नाही, एक ट्यूबलाइट, ओलसर कापडाचा वास. थोरल्यांनी फळ्या पुसून त्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या, कॉम्प्युटरवर नोंदीही करायला लागल्या होत्या. या बाईला कुठंही टाका, ही उभी राहणारच, असं मनात आलं आणि मला जरा बरं वाटलं. बरं वाटल्याची मग लाज वाटली.

त्यांची पाठ माझ्याकडे होती. चादरी मोजत होत्या, मोठ्यानं. “एक,” म्हणायच्या आणि थांबायच्या. दुसरीला म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग “दोन.” पुन्हा थांबायच्या. त्या खोलीत दुसरं कुणीही नव्हतं.

“सहा,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

मी दारात उभी होते. मला नुसतं ‘सहा’ म्हणायचं होतं. नाही म्हणवलं.

“सात,” त्या म्हणाल्या.

बारा झाल्यावर वळल्या, मला पाहिलं आणि चादरींचा गठ्ठा माझ्या हातात दिला. बावीस वर्षं त्या मला ‘अगं पोरी’ म्हणत आल्या होत्या.

“बारा आहेत,” त्या म्हणाल्या. “मोजून घ्या, मॅडम.”

मी न मोजता सही केली आणि वर आले.