दवाखान्यासमोरच्या थांब्यावरची घडीची खुर्ची

मित्रांनो, लाकडी चौकट आणि कापडी बैठक असलेली घडीची खुर्ची मी. असुन्सियोन शहराजवळ एका सुताराने मला घडवले. तरुणपणी मी नदीकाठीच राहिले. आरासेली नावाच्या मुलीचे आजोबा माझ्यावर बसून मासे धरत. ते गेले आणि मी दाराआड गेले. वर्षानुवर्षे मला कोणी उघडले नाही.

मग एके सकाळी आरासेलीने माझ्यावरची धूळ झटकली. ती कॉलेजात शहरांचा अभ्यास करत होती. रस्ते कसे वाढतात, बाजार कुठे भरतो, माणसे कुठून कुठे जातात, हे तिचे विषय. त्या वर्षी तिला अभ्यासाचाच भाग म्हणून महापालिकेत शिकाऊ काम करायचे होते. तिथल्या सारातेसाहेबांनी तिला दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर वाहने मोजायला पाठवले. वाहतूक तुंबते म्हणून तो थांबा दोन चौक पलीकडे न्यायचे जवळजवळ ठरलेच होते.

ती मला घेऊन तिथे गेली. थांब्यावर एक झाड होते. त्याखाली लिदुविनामावशी टोपलीतून चिपा विकत. चिपा म्हणजे चीज घातलेला खमंग पाव.

"काय गं, कॉलेजात बसायलाच शिकवतात वाटतं?" मावशींनी पहिल्याच दिवशी टोमणा मारला.

"हो ना मावशी. परीक्षासुद्धा बसूनच देतो आम्ही!"

मावशी खो खो हसल्या आणि त्यांनी आपला तेरेरेचा, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या पाल्याच्या पेयाचा, पेला पुढे केला. दोघी एकाच नळीने प्यायल्या. मैत्री व्हायला आमच्याकडे तेवढे पुरते.

पण आरासेली जरा पाय मोकळे करायला उठली, की माझ्यावर कोणीतरी येऊन बसे. कधी पोटुशी बाई, कधी पायाला पट्टी बांधलेला म्हातारा.

"उठते हं, बाळा," बसलेली बाई म्हणे.

"नको, नको, बसा तुम्ही."

मग आरासेली उभी राही, बोलण्यात रमे आणि मोजणी चुके.

सारातेसाहेबांनी कागद पाहिले. "हे अर्धे कोरे का?"

"साहेब, लोक माझ्या खुर्चीवर बसले होते."

"तुला गाड्या मोजायला पाठवलं होतं. लोकांना बसवायला नाही!"

तिचे गुण त्यांच्या हाती होते. तरी ती बोलली, "उद्या दुपारी माझ्याबरोबर एका बसची वाट बघा. मग थांबा कुठंही न्या."

साहेब आले खरे. ऊन असे, की डांबर मऊ झाले होते. थोड्याच वेळात ते धपकन माझ्यावर बसले. माझा एक पाय कडाडला, पण मी तग धरला. तेवढ्यात थांब्यावर नेहमी येणारे विल्फ्रिदोकाका डायलिसिस करून दवाखान्यातून बाहेर आले आणि झाडाला धरून उभे राहिले. चेहरा राखेसारखा झाला होता.

साहेब उठले. "काका, बसा."

"असू दे, तुम्हीच घामाघूम झालाय."

"बसा हो! बस कधी येते?"

"तिच्या मनात येईल तेव्हा," मावशी म्हणाल्या. "तोवर चिपा खा."

साहेबांनी उभ्यानेच चिपा खाल्ला. काका हळूच म्हणाले, "थांबा पलीकडे जाणार म्हणे. वाटेत टेकायला कुठं जागा असेल का हो?"

साहेब पलीकडच्या चौकापर्यंतच्या तापलेल्या रस्त्याकडे बघत राहिले.

साहेबांनी थांबा हलवू दिला नाही. तिथे पाठीचा लांब बाक आला, वर छप्पर आले. वाहतूक अजूनही तुंबते आणि गाडीवाले साहेबांच्या नावाने बोटे मोडतात. मोजणी अपुरी म्हणून आरासेलीला बेताचेच गुण मिळाले. ती रडली, मग मावशींकडे जाऊन त्या बाकावर बसली.

बाक आला आणि माझे काम संपले. त्याचे मला वाईट वाटत नाही. आरासेलीने मला कॉलेजात नेऊन ठेवले; आता मी तिथल्या कपाटामागे असते. "ही मोडकी कुणाची?" असे मुले विचारतात, तेव्हा मात्र जीव कळवळतो.

मित्रांनो, मला फेकू नका. पाय सांधा, कापड शिवा आणि शहर शिकायला निघालात की मला काखेत मारून न्या. गर्दीच्या जागी मला उघडा, घटकाभर बसा. मग उठून बाजूला व्हा आणि बघा, कोण येऊन बसते ते.