झडप बंद होती

मोटारींच्या रेसच्या रविवारी पेंटरच्या वर्कशॉपमध्ये कुणी कुणाचं ऐकून घ्यायचं नाही, असा अलिखित नियमच होता. गाड्या रंगवायची ती लांबट शेड. एरवी तिथे थिनरचा वास आणि पॉलिशच्या मशीनची घरघर असायची. रेस असली की अर्धवट घासलेल्या गाड्या कडेला लागायच्या, मागच्या भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवरची चादर निघायची आणि चार डोकी भांडायला बसायची. गाड्या तिकडे पळायच्या, तोंडं इकडे सुटायची.

पेंटर यजमान. दुसरे मास्तर, गणित शिकवून निवृत्त झालेले, कुठल्या साली कोण कितवा आला हे झोपेतून उठवलं तरी सांगणारे. तिसरा दादा, लांब पल्ल्याच्या बसचा ड्रायव्हर. टीव्हीच्या अगदी पुढ्यातली खुर्ची त्याची. चौघांत खरा ड्रायव्हर तोच, म्हणून तो मान त्याला. आणि चौथी दादाची बहीण. तिला सगळे धाकटीच म्हणायचे, लेक कॉलेजात गेली तरी. दादा ज्या कंपनीची बस चालवायचा त्याच कंपनीच्या बुकिंगच्या खिडकीत ती बसायची.

आज संध्याकाळची घाटातून जाणारी बस दादा नेणार होता आणि त्याच बसने धाकटीची लेक हॉस्टेलवर परत निघाली होती. मामाच्या शेजारची पुढची सीट भाचीच्या हक्काची. तिकीट धाकटीनेच काढलं होतं, आणि मामा गाडी चालवणार म्हणून तिला आजवर कधी घोर लागला नव्हता. आज मात्र सकाळपासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती. डेपोत दादाची बस उभी होती आणि तिचा डावा आरसा पुन्हा नवा होता. "पुन्हा?" तिने विचारलं, तर तो वॉचमनवर घसरला. गेट अर्धवट उघडतो म्हणे मेला. मग दुपारी वर्कशॉपमध्ये शिरताना त्याचा खांदा दाराच्या चौकटीवर दाणकन आपटला.

"दादा, गाडी रुंद झाली की रस्ता अरुंद?" पेंटर म्हणाला आणि सगळे हसले. धाकटीही हसली, पण जरा उशिरा.

रेस सुरू झाली तसं पेंटरने नेहमीचं रडगाणं लावलं. "गाड्या बघा केवढ्या झाल्यात. ट्रक नुसते! आणि रंग? वजन वाचवायला रंगच देत नाहीत हल्ली. काळीकुट्ट बॉडी तशीच पळवतात. माझ्याकडे अशी गाडी आली ना, तर मी मालकाला विचारीन, आजारी आहे का म्हणून."

"रंगाने रेस जिंकत नाहीत," मास्तर म्हणाले. "आकडे बघा. पूर्वी अर्धी पोरं मरायची रस्त्यावर. आता उलटीपालटी झालेल्या गाडीतून माणूस कपडे झटकत बाहेर येतो. आणि ओव्हरटेक तर पूर्वीच्या दुप्पट होतात."

"कुठे होतात?" दादा कडाडला. त्याची नजर समोर खिळलेली. "मला एक दाखवा. अख्ख्या मोसमात मला एकही ओव्हरटेक दिसला नाही."

झालं, इथे कायम ठिणगी पडायची. या नव्या गाड्यांच्या मागच्या पंखाला एक झडप असते. सरळ रस्त्यावर मागच्या गाडीला ती उघडायची परवानगी मिळते. मग वारा अडत नाही आणि ती पुढच्या गाडीच्या बगलेतून सुळकन निघून जाते. जुने रसिक याला ओव्हरटेक मानतच नाहीत. लढत नाही, हिंमत नाही, बटण दाबलं की पुढे, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा दादा 'ओव्हरटेक दिसला नाही' म्हणाला की तो त्या पंथातला, हे सगळ्यांनी केव्हाच धरून चाललेलं होतं. मास्तर आकडे फेकायचे, पेंटर आगीत तेल ओतायचा आणि धाकटी कधी या बाजूने, कधी त्या बाजूने बोलायची. दादा मात्र एकच पालुपद धरून बसायचा. काही दिसत नाही. गाडी एकदम पुढे उगवते.

शेवटच्या फेऱ्या आल्या. पहिल्या नंबरवर लाल गाडी, मागे चिकटलेली निळी. एका अवघड वळणावर निळ्याने इतक्या उशिरा ब्रेक मारला की धाकटीच्या तोंडून किंकाळीच निघाली. पडद्याच्या डाव्या कडेने, कठड्याला घासत ती निळी गाडी आत घुसली आणि वळणातून बाहेर पडली ती पहिली. मास्तर उभे राहिले. पेंटरच्या हातातले शेंगदाणे उधळले.

दादा बसूनच होता. "काय झालं? पुढे कोण आहे?"

"निळी! अहो दादा, निळी!" पेंटर ओरडला.

"आली कुठून?" दादाने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. "आत्ता तर लाल होती. पुन्हा तेच! तुम्हाला सांगून सांगून थकलो मी. ओव्हरटेक झालेलाच नाही."

"म्हणजे आता एवढ्यालाही नाक मुरडणार?" मास्तर खवळले. "कमाल आहे तुमच्या हट्टाची!"

दादा उठला. त्याची ड्युटीची वेळ झाली होती. धाकटीची लेक पाठीवर बॅग टाकून केव्हाच आली होती आणि मामाच्या डाव्या हाताला उभी होती. "पोरगी कुठाय गं?" दादाने विचारलं. "उशीर करते नेहमी."

"मामा! मी इथेच आहे तुझ्या बगलेत. मी काय झडप उघडून आले?"

पुन्हा हशा पिकला. दादाही हसला, पण दचकला होता. धाकटीला ते दिसलं. ती त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "दादा, सांभाळून ने रे."

"इतकी वर्षं काय पाडत आलोय?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात तिखटपणा होता, आणि तो तिला आवडला नाही. दोघं डेपोच्या दिशेने वळली. लेक मामाच्या डाव्या बाजूने चालत होती आणि बोलताना त्याला प्रत्येक वेळी पूर्ण मान वळवावी लागत होती.

धाकटी आत परत आली तर मास्तर इरेला पेटलेले. रेसचे ठळक क्षण पुन्हा दाखवायला कधी लागतात याचीच ते वाट बघत होते, आणि पेंटर चहा करत होता. चहा पिऊन झाला, कप विसळून झाले, बाहेर उन्हं उतरली, तेव्हा कुठे ते वळण परत आलं. मास्तरांनी चित्र थांबवलं आणि टीव्हीजवळ जाऊन बोट ठेवलं.

"हे बघा. झडप बंद आहे! वळणावर उघडताच येत नाही. म्हणजे हा निव्वळ हिंमतीचा ओव्हरटेक, दादांच्याच नियमाने शंभर टक्के खरा. पुढच्या रविवारी त्यांना शब्द परत घ्यायला लावतो की नाही बघा."

"पण मास्तर," पेंटर म्हणाला, "असला ओव्हरटेक बघायला तर दादा जीव टाकतात. हा बघून ते नाचायला हवे होते. ते तर म्हणाले, झालाच नाही."

धाकटी टीव्हीकडे बघत राहिली. थांबलेल्या चित्रात लाल गाडी मधोमध होती आणि निळी डाव्या कडेला. तिने दादाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, पडद्याला जवळजवळ टेकलेल्या त्या मानाच्या जागेकडे. आणि मग तिला उमगलं. दादाने नाक मुरडलं नव्हतं. त्याला ती गाडी दिसलीच नव्हती.

डोळ्यांची तपासणी होते की कंपनीत, तिने स्वतःला बजावलं. होते, पण समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायची, एवढीच. बाजूचं काय दिसतं हे कुणी विचारतच नाही.

तिने लेकीला फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मागे इंजिनाचा आवाज घुमत होता.

"अगं आई, निवांत आहे सगळं. मामा काय शांत चालवतो! आत्ता एक बाइकवाला डावीकडून असा घासून गेला, माझा जीव वर आला. मामाने ढुंकूनही बघितलं नाही."

"कुठवर पोचलात?"

"नाका येईलच आता. मग घाट. मामाला देऊ फोन?"

"नको! देऊ नकोस. त्याच्याशी बोलूही नकोस. आणि बाळा, पट्टा लाव. घट्ट लाव."

"आई, काय झालं?"

"लाव म्हटलं ना!"

घाट सुरू होण्याआधीच्या नाक्यावर कंपनीच्या बस थांबतात, तिथे एक तपासनीस ब्रेक बघून गाडी वर सोडतो. धाकटीचा रोजचा बोलण्यातला माणूस. त्याचा नंबर काढला तरी तिचा अंगठा तसाच राहिला. हा फोन केला की दादाच्या हातात पुन्हा स्टिअरिंग येणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वडील गेल्यावर शाळा सोडून ज्याने गाडी हातात घेतली आणि तिला शिकवलं, त्याच्या हातातून ती गाडी ती काढून घेणार होती. पेंटर आणि मास्तर खाली मान घालून उभे होते. तिने अंगठा टेकवला.

"दादाची गाडी आली का?"

"नाही अजून. यायला हवी होती खरं तर. का?"

"आली की अडवायची. ब्रेक बघू नकोस, आधी किल्ली काढून घे."

"अहो ताई, दादांची? ते सोलून काढतील मला. कारण काय सांगू?"

"दिसत नाही त्याला," धाकटी म्हणाली. मोठ्याने म्हणाली, आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा तिला रडू फुटलं.

मग वाट बघणं आलं. पेंटरने शटर अर्धं ओढलं, पुन्हा वर केलं. मास्तर काहीतरी आकडेमोड करत असावेत, त्यांचे ओठ हलत होते. मग तेही थांबले. टीव्हीवर निळी गाडी तशीच कठड्याला चिकटून उभी होती. धाकटीला ते चित्र बघवेना, आणि ते बंद करायला उठवेना. लेकीचा फोन आता लागतच नव्हता. यायला हवी होती खरं तर, हे तपासनिसाचं वाक्य तिच्या डोक्यात घण घालत होतं.

फोन वाजला. दादाचा.

"घेतली किल्ली," तो म्हणाला. "सगळ्या पॅसेंजरांसमोर."

"पोरगी?"

"बरी आहे. बाकावर बसलीये. रडतीये, पण बरी आहे."

धाकटीची भीती ओसरली तसा संताप उसळला. "तुला माहीत होतं, दादा?"

"पोरगी बरी आहे म्हटलं ना," तो म्हणाला.

"माहीत होतं तुला! आणि तरी माझ्या लेकीला शेजारी बसवून घाटात निघालास?"

"समोरचं लख्ख दिसतं गं. कडा तेवढ्या गेल्यात. वाटायचं, अजून थोडे दिवस निभेल."

"अरे, मग एका शब्दाने सांगायचं तरी होतंस! मी काय परकी होते?"

तो बोलला तेव्हा त्याचा आवाज तिला ओळखू येईना.

"सांगत नव्हतो? दर रेसला घसा फोडून सांगत होतो, मला दिसत नाही, मला काही दिसत नाही म्हणून. आणि तुम्ही तिघं मला पुराव्यानिशी खोटं पाडत होतात."