माझ्या पोटातले एकवीस तांदूळ

मित्रांनो, बुधवार, १ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या पोटात तांदळाचे एकवीस दाणे पडले.

मी एक जुनी, पोकळ अंगाची गिटार आहे. मेपलच्या पातळ फळ्यांपासून मला घडवले, तेव्हा छातीवर दोन वळणदार भोके ठेवली. त्यांतून आवाज बाहेर येतो. दुर्दैवाने वस्तू आतही जातात.

गेली बावीस वर्षे मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये राहणाऱ्या केयाजवळ आहे. सोल आणि जॅझ गायकांच्या रेकॉर्डिंगमध्ये साथ करणे हा तिचा व्यवसाय. आम्ही दोघींनी १,३१२ गाणी वाजवली. तुम्ही आम्हाला ऐकले असेल. ओळखले मात्र नसेल. केयाचे वडील चारुदत्त निवृत्त अभियंता आहेत. त्यांच्या वहीत प्रत्येक गाणे तारखेसह नोंदलेले आहे. शेवटचा रकाना अल्बमच्या ‘मुखपृष्ठावर नाव’ आहे का, याचा. त्यात १,३१२ वेळा ‘नाही’.

त्या दिवशी ते बदलणार होते. ओडेसाबाई या ऐंशी वर्षांच्या गायिकेने केयाला एकटीने वाजवायचा एक पूर्ण सोलो देऊ केला होता. तो जमला तर मुखपृष्ठावर नाव. स्टुडिओ मात्र तेवढ्याच दिवसापुरता मिळाला होता.

नेमकी त्याच दिवशी खंडेनवमी. चारुदत्तांनी मोजमापाचे व्हर्नियर कॅलिपर, नट आवळायचे पाने आणि मला टेबलावर मांडले, कुंकू लावले आणि मोजून अक्षता वाहिल्या; माझ्यावरच्या सगळ्या भोकांतून आत गेल्या. मग सांगितले, की पूजा झालेले हत्यार आज वापरायचे नसते.

“बाबा, तू गाडीलापण कुंकू लावलंस,” केया म्हणाली. “मग मला स्टेशनला कोण ड्रॉप करणार?”

चारुदत्तांनी बराच विचार केला. “गाडी अपवाद.”

“मग गिटारपण अपवाद.”

शिकागोच्या स्टुडिओत पहिल्याच सुराला मी खुळखुळले. रेकॉर्डिंग करणाऱ्या टेरेन्सने खुळखुळा कोणी आणला, असे विचारले. केयाने मला उलटे धरून गदागदा हलवले. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा अपमान झाला नव्हता. गालिच्यावर तांदूळ पडले. तिने ते मोजले आणि घरी फोन लावला.

“बाबा, किती टाकले होतेस?”

“एकवीस.”

“वीसच निघाले.”

पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणे वाजली. “एवढा फरक टॉलरन्समध्ये बसतो,” ते म्हणाले.

तो एक दाणा आतल्या पट्टीखाली अडकला होता आणि फक्त सर्वांत जाड, खर्जातल्या तारेच्या एकाच सुरावर कुरकुरत होता. ओडेसाबाईंनी घड्याळाकडे पाहिले. केयाने तो सूर टाळला आणि संपूर्ण सोलो वरच्या सप्तकात नेला. आयुष्यभर इतरांच्या गाण्याखाली दबून वाजणाऱ्या आम्ही प्रथमच एवढ्या उंच गेलो. संपल्यावर ओडेसाबाई इतकेच म्हणाल्या, की दुसऱ्यांदा वाजवायची गरज नाही.

मित्रांनो, आपल्या साधनांची पूजा अवश्य करा. फक्त आधी भोकांवर रुमाल घाला. माझ्यातला तो दाणा काढायला केया तयार नाही.

वहीतील नोंद क्रमांक १,३१३. मुखपृष्ठावर नाव: होय. एकूण ‘होय’: १.