अंगात शिरलेला वारा

मित्रांनो, मी एक उभा पंखा आहे. जुना आहे, तापट आहे आणि झालेला अपमान विसरत नाही. काही वस्तू आपली कहाणी सांगता सांगता रडायला लागतात. मी तसलं काही करणार नाही. मी सूड कसा घेतला, ते सांगणार आहे.

माझा जन्म सुराबाया शहराजवळच्या एका कारखान्यात झाला. तीन निळी पाती, गोल जाळी आणि डावीउजवीकडे झुलणारी मान. लारस जन्मली तेव्हा तिची आजी मला बाजारातून सायकलरिक्षात, चक्क मांडीवर घेऊन आली. या आजीला सगळे म्बाह म्हणतात. आमच्या गल्लीत समुद्र हाकेवर, पण झुळूक म्हणाल तर शपथेला नाही. मी रात्रभर मान हलवायचो आणि लारस माझ्याकडे तोंड करून झोपायची. "हा पंखा नव्हे, पोरीचा आजा आहे," म्बाह पाहुण्यांना सांगायची. मला ते फार आवडायचं.

मग लारसच्या बापाच्या, प्रास्त्योच्या, डोक्यात खूळ शिरलं. बिंतान बेटावर एक शर्यत होती. आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग धावणं, सगळं एका दमात, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. गडी बंदरावरच्या कचेरीत बसून काम करणारा, चाळिशीचा, पोट सुटलेला. पण वारं प्यालेल्या वासरासारखा उधळला. पहाटे पोहायला, संध्याकाळी धावायला, आणि उरलेला वेळ बैठकीच्या खोलीत घोडीवर चढवलेल्या सायकलवर. सायकल जागची हलायची नाही, घाम मात्र धो धो. म्हणून एक दिवस त्याने लारसच्या खोलीतून मलाच उचललं.

"बापाक, तो माझा आहे," लारस म्हणाली. सहा वर्षांची होती ती.

"अगं, तू तर झोपलेली असतेस. झोपेत कुठे गरम होतं?"

"मास, पोरीच्या पाठीवर घामोळं आलंय," रेत्नो, त्याची बायको, म्हणाली. आमच्याकडे बायका नवऱ्याला आदराने मास म्हणतात. हिच्या तोंडी तो शब्द दिवसेंदिवस आंबत चालला होता.

"पावडर लाव ना."

"पावडर कशाला, सिमेंटच थापते! पोरीचा शाळेतला नाच चुकवलात, माझ्या भावाचं लग्न चुकवलंत. घरदार वाऱ्यावर सोडलंत तुम्ही!"

वाऱ्यावर? अहो, वारा तर तोच घेऊन बसला होता!

त्याचा घाम उडून माझ्या जाळीवर बसायचा. मिठाने जाळी गंजली. कुणी फडकं मारलं नाही. तेही मी गिळलं असतं. पण लारसची रात्रीची झोप उडाली, पोर वर्गात बाकावर डोकं टेकून झोपायला लागली. बाईंचा निरोप घरी आला, तर हा म्हणाला, "शर्यत होऊ दे, मग बघू." त्या दिवशी माझं टाळकं सटकलं. याची शर्यत बुडवायची आणि पोरीचा वारा पोरीला मिळवून द्यायचा, असं मी ठरवलं.

मला हात नाहीत, पाय नाहीत. पण वारा आहे.

शर्यतीला आठवडा राहिला होता. एरवी मी त्याच्या समोर असायचो. त्या दिवशी समोर कपडे वाळत होते, म्हणून त्याने मला पाठीमागे ठेवलं. माझी मान झुलत झुलत त्याच्या पाठीशी आली आणि मी ती अडकवली. कट्! निथळत्या पाठीवर मी होता नव्हता तेवढा जोर लावला.

"पंख्याची मान अडकली वाटतं," असं म्हणून तो पायडल मारत राहिला. मार म्हटलं, हवं तेवढं मार.

दुसऱ्या दिवशी त्याचं अंग कसकसलं, डोकं जड झालं, ढेकरावर ढेकर सुरू झाले. म्बाहने कपाळाला हात लावून निकाल दिला, "अंगात वारं शिरलं."

मित्रांनो, ते वारं म्हणजे मी!

यावर आमच्याकडे एकच उपाय. पाठीला तेल चोळायचं आणि नाण्याच्या कडेने खरवडायचं. लाल पट्टे उठले की वारं निघालं. प्रास्त्यो चटईवर पालथा पडला आणि रेत्नोने नाणं हातात घेतलं.

"हा लारसच्या नाचाचा," पहिला पट्टा ओढत ती म्हणाली.

"आई गं! हळू!"

"हा माझ्या भावाच्या लग्नाचा. सगळे विचारत होते, नवरा कुठाय? काय सांगू? पोहतोय?"

"कातडी सोलशील, रेत्नो!"

"सोलते. गप पड तू!"

मास गेलं, तुम्ही गेलं, सगळी अदब गेली. म्बाह शेजारी बसून होती. लेकाची बाजू घ्यायची सोडून ती म्हणाली, "उजवीकडे राहिलंय बघ, सूनबाई." मी बंद होतो, तरी माझी पाती आनंदाने थरथरली.

वारं शिरलेल्या माणसाला पंखा वर्ज्य. म्बाहने खिडक्या लावल्या, त्याच्या अंगावर गोधडी टाकली आणि मला उचलून लारसच्या खोलीत नेलं. कित्येक महिन्यांनी पोर माझ्यासमोर आडवी झाली.

दुपारी पलीकडून केविलवाणा आवाज आला. "लारस, पंखा जरा इकडे आण ना गं. जीव जातोय उकाड्याने."

लारस उठून त्याच्या दारात गेली. तिच्या आवाजात राग नव्हता, खोडी नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

"पण बापाक, घामासाठीच तर तुम्ही आम्हाला सोडून जाता ना? आता तर घरबसल्या येतोय."

लारस परत येऊन झोपली. थोड्या वेळाने पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी असेल, नाहीतर रडू असेल. मला दया आली नाही. खोटं कशाला बोलू?

रविवारी शर्यत त्याच्याविना झाली. त्या सकाळी तो लारसच्या खोलीत आला, फरशीवर बसला आणि माझी जाळी सोडवून तिचा गंज घासत राहिला. काम झाल्यावर त्याने मला लावलं आणि वाऱ्यातून आपली पाठ बाजूला घेतली. हल्ली तो उघड्या रस्त्यावर सायकल चालवतो आणि लारस उठायच्या आत घरी येतो. पुढच्या वर्षी बिंतानला जाईन म्हणतो. जाऊ दे बापडा.

मित्रांनो, पंख्याची जाळी पुसत जा, पात्यांवर धूळ साचू देऊ नका. आणि पंख्यासमोर बसण्याआधी वारा कुणाच्या वाट्याचा आहे, ते विचारा. न विचारता बसणार असाल, तर पाठ नीट कोरडी करून बसा. मी जुना झालोय खरा, पण माझं बटण अजून तीनवर जातं.