हालिनाबाईंचं उत्तर

योगिनीने पडवीच्या खांबाला टेकून तिसऱ्यांदा मजकूर लिहिला. वैशाखरे गावातल्या त्यांच्या घरात रेंज मिळायची ती त्या खांबापाशीच. मोबाइल तिच्या इंग्रजीचं पोलिश करत होता.

एकोणीस दिवस तिच्या भावाचा, कमळूचा फोन नव्हता. पोलंडमध्ये कोबी चिरायच्या कारखान्यात तो कामाला लागला होता. ज्या एजंटाने त्याला पाठवलं, त्याचा नंबर बंद लागत होता. हाताशी होता तो फक्त त्याच्या तिथल्या घरमालकिणीचा नंबर. पोचल्या दिवशी कमळूने तिच्याच फोनवरून आईला फोन केला होता. बाईचं नाव हालिना.

मुरबाडच्या क्लासमध्ये योगिनी बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवायची. साध्या वाक्याकडे परकं माणूस कशाला लक्ष देईल, असं तिला वाटलं. म्हणून हालअपेष्टांचे ठेवणीतले इंग्रजी वाक्प्रचार तिने बाहेर काढले. आम्ही 'डीप वॉटर'मध्ये आहोत. दारातल्या 'वुल्फ'ला, म्हणजे उपासमारीला, कमळूच लांब ठेवत होता. आईचा जीव 'थ्रेड'ला लटकला आहे.

उत्तर आलं. योगिनीने ते दोनदा वाचलं.

"काय म्हनते गो ती?" तिच्या आईने, बाईजाने विचारलं.

"इचारते, पूर कवा आला. लांडगा अजून दारात हाय का. आनि दोरा कसला."

"आनि कमळू?"

"त्याचं काय नाय लिवलं."

बाईजाने तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं. "तू काय लिवलंस तिला?"

योगिनीने मराठीत सांगितलं. सांगता सांगता तिची तिलाच लाज वाटू लागली.

"लांडगा कशाला घातलास मदी? माजा पोर जित्ता हाय का, तेवढं इचार."

एकोणीस दिवसांत हा एकच प्रश्न योगिनीने कुठल्याच भाषेत विचारला नव्हता. तिने मोबाइलच्या भाषांतरात इंग्रजी काढून मराठी लावली. कमळू जिवंत आहे का? डोळे मिटूनच तिने बटण दाबलं.

पलीकडे बाई लिहीत होती, थांबत होती, पुन्हा लिहीत होती. मग अक्षरं उमटली.

'जिवंत आहे. यंत्रात उजवा हात मनगटापासून गेला. काल मी त्याला दवाखान्यातून घरी आणलं. आईला सांगू नका म्हणतो, म्हणून मी टाळलं. मला माफ करा.'

"जित्ता हाय, आये," योगिनी म्हणाली. "त्या बाईच्याच घरी हाय. बरा हाय."

बाईजाने पदर तोंडाला लावला. मग ती लेकीकडे बघत राहिली. मोबाइल योगिनीच्या मांडीवर पडला होता. डाव्या हाताने तिने स्वतःचं उजवं मनगट आवळून धरलं होतं, इतकं की बोटं पांढरी पडली होती. तिच्या ते ध्यानातही नव्हतं.

बाईजा तिच्याजवळ सरकली.

"त्याला घास कोन भरवतं, ते इचार."

योगिनीची मान वर झाली नाही. तिने लिहिलं आणि पाठवलं.

उत्तर लगेच आलं. या वेळी पोलिशमध्येच, दोनच रोमन अक्षरं: 'Ja'. तिने ते मराठीतलं 'जा' असं वाचलं. मग तिने भाषांतराचं बटण दाबलं.

'मी.'